दीर्घिकेचे गुरुत्वीय विभव : परिभ्रमणावरून
दीर्घिकेतील तारे व वायू केंद्राभोवती किती वेगाने फिरतात, यावरून तिच्या गुरुत्वीय विभवाचे (एकक वस्तुमानामागील स्थितिज ऊर्जेचे) प्रतिमान बांधता येते. वर्तुळाकार कक्षेत वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या म्हणजे त्या ठिकाणचा विभवाचा उतार. त्याचे समाकलन केले की विभवाचे मूल्य मिळते.

व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतील ६७ आयनित वायुमेघांचे वेग प्रसिद्ध केले. पुढे हायड्रोजनच्या २१ सेंमी. रेडिओ लहरींनी मोजणी आणखी बाहेर नेली. प्रकाश विरळ होतो तिथेही वेग अपेक्षेप्रमाणे घसरत नाही. हीच या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट. वेग स्थिर, तर विभव त्रिज्येच्या लॉगॅरिथमप्रमाणे वाढतो. सुमारे १ लाख प्रकाशवर्षे त्रिज्येवर सेकंदाला २२५ किमी. वेग धरल्यास, गोलाकार रचनेत आतले वस्तुमान ३५ हजार कोटी सूर्यांइतके भरते.

प्रतिमानात केंद्रातील फुगवटा, तबकडी, वायू आणि बाहेरचा वेग टिकवून धरणारे न दिसणारे वस्तुमान, म्हणजे कृष्णद्रव्य, यांचे वाटे जोडतात. खरी अडचण तबकडीची: ताऱ्यांच्या प्रकाशामागे वस्तुमान किती धरायचे, यावर कृष्णद्रव्याचा वाटा बदलतो, आणि वेगवेगळ्या वाटण्या वेग-त्रिज्येच्या त्याच वक्राशी जुळतात. शिवाय परिभ्रमण फक्त तबकडीच्या प्रतलातील ओढ सांगते. कृष्णद्रव्याचा पसारा गोल की चपटा, हे ठरवायला तबकडीला लंब दिशेतील गती किंवा वायूच्या थराची जाडी मोजावी लागते.