बियाफ्राचे युद्ध : साहाय्य आणि पुनर्वसन

३० मे १९६७ रोजी कर्नल ओजुक्वू यांनी नायजेरियाचा पूर्व प्रदेश 'बियाफ्रा' या नावाने स्वतंत्र झाल्याचे घोषित केले आणि जुलैमध्ये युद्धास तोंड फुटले. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट संघ-सरकारच्या हाती पडल्यावर बियाफ्राचा समुद्राशी संबंध तुटला. प्रथिनांच्या अभावी सहस्रावधी मुले दगावली. उली येथील धावपट्टीवर रात्री उतरणारी विमाने हाच अन्नाचा मुख्य मार्ग उरला. परंतु त्याच धावपट्टीवर शस्त्रास्त्रेही येत. साहाय्यामुळे युद्ध लांबले, हा आक्षेप येथूनच उद्भवतो व तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि नाकेबंदी संघ-सरकारची होती आणि भूमार्गाने अन्न आणण्यास ओजुक्वू यांनी नकार दिला होता, हे विसरून केवळ साहाय्यकर्त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल.

१५ जानेवारी १९७० रोजी युद्ध समाप्त झाले. या युद्धात जेता-जित असा भेद नाही, अशी भूमिका जनरल गोवन यांनी घेतली. सूडाचे खटले भरले गेले नाहीत, ही गोष्ट खचित गौरवास्पद होय. अर्थव्यवहारात मात्र हे औदार्य आढळत नाही. युद्धकाळात खात्यांची उलाढाल केलेल्या ठेवीदारांस, शिल्लक कितीही असो, २० पौंडच मिळाले. पोर्ट हारकोर्टमधील इग्बोंची घरे 'परित्यक्त' ठरविण्यात आली. १९७२ च्या हुकुमान्वये परकीय उद्योगांचे भाग एतद्देशीयांस खुले झाले, तेव्हा ते घेण्यास बहुसंख्य इग्बोंपाशी भांडवल नव्हते. १९७० च्या समेटाचे मूल्यमापन करताना क्षमादानाच्या घोषणेइतकाच या निर्णयांचाही विचार झाला पाहिजे.