पायथॉनमधलं फंक्शन: प्रिंट आणि रिटर्नमध्ये फरक काय?

फंक्शन म्हणजे एकदाच लिहून नाव दिलेली कृती. नाव घेतलं की ती चालते.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे आणि गावकऱ्यांनी पावसाचं पाणी शिवारातच अडवायला सुरुवात केली. त्यातलाच साधा हिशेब घेऊ: १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हा गुणाकार प्रत्येक शेतासाठी पुन्हा कशाला लिहायचा?

डेफ पाणी(हेक्टर, मिमी):
    रिटर्न हेक्टर * मिमी * १००००

(डेफ, रिटर्न आणि अंक इंग्रजीतच टाइप करा, बाकी नावं पायथॉन ३ मध्ये देवनागरीतही चालतात.)

आता पाणी(२, २५) लिहिलं की ५,००,००० मिळतात.

नवशिके हमखास अडकतात ते पुढे. रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलं तरी स्क्रीनवर आकडा बरोबरच दिसतो, त्यामुळे जमलं असं वाटतं. मग पाणी(२, २५) + पाणी(३, २५) करून बघा. दोन्ही आकडे छापले जातात आणि लगेच टाइपएरर येतो. कारण प्रिंट आकडा नुसता दाखवतो, हातात देत नाही. फंक्शनकडून परत येतं ते 'नन', म्हणजे काहीच नाही. त्याची बेरीज कशी होणार? रिटर्न असेल तर उत्तर १२,५०,००० लिटर.

अर्थात हे पडलेलं पाणी झालं, अडलेलं नव्हे. वाहून किती गेलं ते धरायचं तर कंसात तिसरं नाव वाढवावं लागेल.