तुम्ही काय काम करता? : राष्ट्रीय नमुना पाहणीची वाटचाल

चिंतामणराव देशमुखांचा जन्म 1896 सालचा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील रोह्यात वकिली करत, त्यामुळे बालपण बरेचसे रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना मानतो. त्यांच्या आणखी एका कामाची आठवण मात्र रोह्यातही क्वचित निघते. 1950 साली ते अर्थमंत्री झाले आणि त्याच वर्षी अर्थ मंत्रालयाच्या छत्राखाली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पाहणीची कल्पना प्रशांतचंद्र महालनोबिस यांची, आणि त्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद 1945 पासून चिंतामणरावांकडेच होते. देशातल्या किती हातांना काम आहे हे आज ज्या आकड्यांवरून सांगितले जाते, ते याच पाहणीच्या वाटेने आलेले आहेत.

पहिली फेरी ऑक्टोबर 1950 ते मार्च 1951 अशी चालली. सगळा देश मोजणे शक्य नव्हते. म्हणून शास्त्रीय पद्धतीने, कोणाच्या मर्जीला वाव न ठेवता, थोडी गावे निवडायची, त्या गावांतली थोडी घरे निवडायची आणि तिथे नीट बसून विचारायचे. रोजगारावरचे प्रश्न 1955 मधल्या नवव्या फेरीत आले, आणि तिथेच खरी अडचण सुरू झाली.

जिथे बहुतेक लोक नोकरीत असतात त्या देशांतली मोजणी सोपी असते: नोकरी आहे किंवा नाही. पेणच्या खारेपाटात हे कसे विचारायचे? पावसाळ्यात भातशेती, उन्हाळ्यात मिठागर, मध्ये खाडीची मासेमारी, आणि हातात काहीच नाही असेही काही आठवडे. अशा माणसाला बेकार म्हणायचे की कामकरी? हा पेच सोडवण्यासाठी 1968 मध्ये मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. 1970 च्या अहवालात समितीने स्पष्टच म्हटले की भारतातली बेकारी एका आकड्यात मावणार नाही. मग एकाच माणसाला तीन अंगांनी विचारायचे ठरले: गेले वर्षभर बहुतेक काय केले, गेल्या सात दिवसांत काय केले, आणि त्या सात दिवसांतल्या प्रत्येक अर्ध्या दिवसात काय केले. 1972-73 च्या सत्ताविसाव्या फेरीपासून साधारण दर पाच वर्षांनी ही मोठी पाहणी होत राहिली. हा निर्णय मला या पाहणीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. इथल्या माणसाच्या जगण्याप्रमाणे प्रश्नपत्रिका बदलण्याची तयारी त्यात होती.

पुरुषांची नोंद त्यामानाने सरळ होत गेली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात पाळीवर जाणारा किंवा डोलवीच्या पोलाद प्रकल्पात कंत्राटावर असणारा माणूस ‘काय करता?’ असे विचारताच कामाचे नाव सांगतो.

त्याच्या घरातल्या बाईचे तसे नाही. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत, त्यांतले कितीतरी घरालाच जोडलेले. साच्यातून मूर्ती काढणे, घासून गुळगुळीत करणे, रंगाचे हात देणे, दागिन्यांचे बारीक काम करणे, या सगळ्यात घरच्या बायका असतात. कारखाना नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतो. पाहणीवाला दारात आला की उत्तर देतात घरातले कर्ते पुरुष, आणि सुनेबद्दल विचारले तर म्हणतात, “ती घरीच असते.” कागदावर मग संकेतांक पडतो 92, म्हणजे फक्त घरकाम. खरे तर तिच्यासाठी 21 हा संकेतांक आहे: घरच्या उद्योगात बिनपगारी मदत करणारी. 21 पडला तर ती कामकरी. 92 पडला तर ती बेकारही ठरत नाही, श्रमशक्तीच्या बाहेरच जाते. पापड-मिरगुंडे विकण्यासाठी लाटणारीचेही तेच.

प्रश्नाच्या शब्दांनी केवढा फरक पडतो हे जनगणनेनेही दाखवले आहे. 1961 ला कामाची व्याख्या सैल होती, 1971 ला ‘मुख्य काम काय’ असे विचारले गेले, आणि देशातल्या कामकरी स्त्रियांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. बायका दहा वर्षांत शेतातून उठून गेल्या नव्हत्या. नमुना पाहणीने 1977-78 च्या फेरीपासून घरकाम करणाऱ्या स्त्रियांना जादा प्रश्न विचारायला घेतले: परसबाग करता का, कोंबड्या, दुभती जनावरे पाळता का? पुढच्या फेऱ्यांच्या यादीत लाकूडफाटा, मासे गोळा करणे, भात सडणे, बाहेरून पाणी आणणे हेही दिसते. कोकणातल्या बाईचा अख्खा दिवसच त्या यादीत होता. त्यातून ती कामकरी ठरली नाही, तरी तिचा दिवस सरकारी कागदावर आला.

तरीही आकडे उतरत गेले. 2004-05 मध्ये ग्रामीण भागात दर हजार स्त्रियांमागे 327 कामकरी होत्या, 2011-12 मध्ये 248. 2017 च्या एप्रिलपासून पंचवार्षिक पाहणीऐवजी नियतकालिक श्रमबल पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्षात, 2017-18 मध्ये, 15 वर्षांवरील पुरुषांपैकी 71.2 टक्के आणि स्त्रियांपैकी 22 टक्के कामावर आढळले. 2023-24 मध्ये पुरुष 76.3 टक्के, स्त्रिया 40.3. एवढ्या वाढीने हुरळून जाऊ नये. त्या वर्षी ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी 73.5 टक्के स्वयंरोजगारात होत्या, आणि घरच्या शेतीत, धंद्यात विनामोबदला राबणाऱ्याही त्यातच येतात. माझ्या मते या वाढीत पूर्वीपासून चाललेल्या पण आता नोंदल्या गेलेल्या कामाचा वाटा मोठा असावा. नोंद झाली याचे मोल आहेच, पण बाईच्या हातात पैसा आला असा त्या नोंदीचा अर्थ नाही. 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष 97, असे दिसले. रोजगाराच्या टक्केवारीत त्या मिनिटांना जागा नाही.

मधल्या काळात पाहणीचे रूप पालटले. 1970 मध्ये तिची स्वतंत्र संघटना झाली, 2019 मध्ये ती राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात विलीन झाली, आणि कागदी तक्त्यांच्या जागी टॅब्लेट आले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाच्या झोपडीला कुलूप असते, ही अडचण मात्र टॅब्लेटने सुटत नाही. नमुन्यातले घर बंद असले तर त्याऐवजी दुसरे घर घेतले जाते, आणि सर्वांत कष्टाचे काम करणारे गावातल्या नोंदीतून निसटू शकतात. शिवाय रायगड जिल्हा इतकी वर्षे मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या एकाच किनारी विभागात मोजला गेला. जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचना बदलली असून जिल्हा हा तिचा पाया झाला आहे. आकडेही आता दरमहा येतात.

पेण-रोह्यातल्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. निवड तुमच्या घराची झाली आणि पाहणीवाले दारात आले, तर सुनेच्या, आईच्या, बायकोच्या वतीने उत्तर देऊ नका. तिला पुढे बसवा आणि तिचे काम तिला सांगू द्या.