तिसऱ्या तारेचा इतिहास

भारतीय स्वयंपाकघरातल्या कोणत्याही पॉवर पॉइंटकडे पाहिले तर तीन गोल छिद्रे दिसतात. खाली दोन सारखी आणि वर एक मोठे. खालच्या दोहोंतून वीज येते आणि परत जाते. उपकरण चालायला तेवढे पुरे असते. वरच्या तिसऱ्या छिद्रातून एरवी काहीही वाहत नाही. त्याचे काम सुरू होते ते उपकरणात बिघाड झाल्यावर, आणि त्या क्षणी उपकरणाला हात लावलेली व्यक्ती वाचेल की नाही हे बऱ्याचदा त्या छिद्रामागे तार खरोखर जोडली आहे की नाही यावर ठरते. भारतातील घरगुती विद्युत सुरक्षेचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या तिसऱ्या तारेचा इतिहास आहे.

वीज भारतात आली ती प्रकाशाच्या रूपाने. १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १८९९ मध्ये कलकत्त्यात इमामबाग लेनमधील औष्णिक केंद्रातून पुरवठा होऊ लागला. पाठोपाठ १९०३ आणि १९१० चे वीज कायदे आले. त्या काळातील घरात विजेची ओळख छताला टांगलेला दिवा आणि पंखा एवढीच होती. रबराचे वेष्टन असलेल्या तारा लाकडी पट्ट्यांच्या खोबणीतून भिंतीवर फिरत आणि लाकडी फळ्यावरच्या बटनापाशी संपत. दिवा आणि पंखा हाताच्या टप्प्याबाहेर असल्यामुळे भीती होती ती शॉर्टसर्किटने लागणाऱ्या आगीची; स्पर्शाचा धोका दुय्यम मानला जाई. अशा फिटिंगला दोन तारा पुरत. स्वयंपाकघरात तर चूल आणि कोळशाची शेगडी होती. घराच्या ज्या कोपऱ्यात पाणी, ओली जमीन आणि धातूची भांडी एकत्र येतात, त्या कोपऱ्याचा विचार दोन तारांच्या त्या सवयीत झालाच नव्हता.

तिसरी पिन ब्रिटनमधून आली. १९३४ च्या ‘बीएस ५४६’ या ब्रिटिश मानकात तीन गोल पिनांचे प्लग निश्चित झाले: पाच अँपिअरचा लहान आणि पंधरा अँपिअरचा मोठा. त्यातील अर्थिंगची पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते, यामागे साधा पण नेमका विचार आहे. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. म्हणजे वीज पोहोचण्यापूर्वीच संरक्षण पोहोचलेले असते. जाड असल्यामुळे ती चुकूनही जिवंत तारेच्या छिद्रात शिरू शकत नाही.

ब्रिटनने पुढे हा प्लग सोडला. महायुद्धोत्तर घरांच्या वायरिंगचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने १९४४ मध्ये अहवाल दिला. वीस सदस्यांच्या त्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट या एकमेव महिला होत्या. घर प्रत्यक्ष चालवणाऱ्या स्त्रियांची आणि लहान मुलांची बाजू त्यांनी तिथे लावून धरली. १९४७ च्या ‘बीएस १३६३’ मानकात प्लगच्या आतच फ्यूज आला आणि सॉकेटच्या छिद्रांवर आपोआप मिटणाऱ्या झडपा आल्या. भारताने मात्र गोल पिनांचा जुना आराखडाच चालू ठेवला. ‘आयएस १२९३’ या भारतीय मानकात त्याची क्षमता पुढे सहा आणि सोळा अँपिअर अशी नोंदली गेली. बाजारात आणि वायरमनच्या तोंडी तो अजूनही ‘पंधरा अँपिअरचा पॉइंट’ आहे.

स्वतंत्र भारताने कागदावरची बाजू बऱ्यापैकी वेगाने उभी केली. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरातील वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि पात्रता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे असे बंधन घातले. अर्थिंग कसे करावे याची संहिता, ‘आयएस ३०४३’, १९६६ मध्ये आली. १९८५ मध्ये राष्ट्रीय विद्युत संहिता प्रसिद्ध झाली. १९५० पासून आकाराला आलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था वायरमन आणि इलेक्ट्रिशियन घडवू लागल्या होत्या.

याच दशकांत स्वयंपाकघर बदलत होते. १९६० च्या दशकात भारतीय मसाले कोरडे दळू शकतील अशा ताकदीच्या मोटरचे मिक्सर देशात बनू लागले. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरने दक्षिणेतील दगडी रगड्याचे काम हाती घेतले. पुढे फ्रिज, गिझर आणि मायक्रोवेव्ह आले. हाताच्या टप्प्याबाहेरची वीज आता हातात आली, आणि तीही ओल्या हातात. शिवाय भारतीय घरात स्वयंपाकघरात पादत्राणे घालत नाहीत. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली व्यक्ती विजेच्या दृष्टीने जमिनीला जोडलेली असते. अशा अवस्थेत शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो.

हा आकडा किती मोठा आहे ते अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांच्या प्रयोगांनी दाखवले. हातात धरलेली जिवंत तार माणूस किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजले. सरासरी उत्तर पुरुषांसाठी सुमारे १६ आणि स्त्रियांसाठी सुमारे १०.५ मिलिअँपिअर आले. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. घरातला फ्यूज मात्र पाच किंवा पंधरा अँपिअरचा, म्हणजे या मर्यादेच्या शेकडो पट. फ्यूज तारांचे रक्षण करतो. माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह त्याच्या लेखी नगण्य असतो.

इथे तिसरी तार उपयोगी पडते. मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या धातूच्या भागाला जिवंत तार टेकली, की अर्थिंगच्या तारेतून मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडावा अशी ही योजना आहे. या मार्गाचा एकूण रोध एक ओहम असेल तर २३० अँपिअर वाहतील आणि फ्यूज क्षणात उडेल. पण जमिनीत गाडलेली पट्टी गंजली, माती कोरडी पडली आणि रोध २० ओहम झाला, तर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. पंधरा अँपिअरचा फ्यूज तसाच राहील आणि उपकरणाचे कवच जिवंत राहील.

या उणिवेवरचा उपाय डॅल्झिएल यांनीच १९६० च्या दशकात पुढे नेला. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकाच लोहकड्यातून नेऊन दोहोंतील फरक मोजायचा. फरक पडला म्हणजे प्रवाह कुठेतरी जमिनीत गळतो आहे, म्हणून पुरवठा तत्काळ तोडायचा. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९८७ मध्ये स्वयंपाकघरातील सिंकजवळच्या पॉइंटांना हे संरक्षण सक्तीचे केले. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घरगुती जोडण्यांसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली. सुरुवातीला लहान भाराच्या जोडण्या त्यातून वगळलेल्या होत्या. पुढे ही सवलतीची मर्यादा खाली आणण्यात आली. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने तारा, उपकरणे आणि संरक्षक साधनांना मानक चिन्ह बंधनकारक करण्याची चौकट दिली होतीच.

तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू वर्षाला दहा हजारांहून अधिक आहेत. हे सगळे स्वयंपाकघरातले नाहीत. शेत, रस्ता आणि कारखाना यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण घरातील धोका कुठे दडतो हे कारागिरीकडे पाहिल्यावर कळते. पहिला दोष म्हणजे तिसरे छिद्र असते, पण मागे तारच नसते. दुसरा अधिक घातक. अर्थिंगची तार ओढण्याऐवजी सॉकेटच्या आतच तिसरे टोक न्यूट्रलला जोडलेले असते. चाचणीचा दिवा लावून पाहिला तर तो व्यवस्थित पेटतो, त्यामुळे काम बरोबर वाटते. मात्र मागची न्यूट्रल तार तुटली की प्रत्येक चालू उपकरणाचे कवच जिवंत होते. तिसरा दोष आहे सैल स्क्रूचा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ८.७ अँपिअर ओढते. सैल जोडावर केवळ अर्धा ओहम रोध असला तरी तिथे सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते, तीही प्लास्टिकच्या बंद डबीत. प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे ट्रिप होणारे बटन खाली पडत नाही. आधी दिसतो तो पिवळा पडलेला सॉकेट.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून दोन कोटींहून अधिक घरांत वीज पोहोचली. २०२३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्षम पाककला कार्यक्रमाने २० लाख इंडक्शन शेगड्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. धुरापासून सुटका होणे ही मोठी गोष्ट आहे. पण दिवा आणि मोबाइलसाठी ओढलेल्या बारीक तारांवर, सहा अँपिअरच्या सॉकेटवर, बहुशाखी प्लग लावून ही शेगडी चालवली जाणार असेल, तर चुलीची जोखीम भिंतीच्या आत सरकेल. नवीन जोडणीच्या वेळी कंत्राटदाराचा चाचणी अहवाल घेतला जातो. त्यानंतर वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या पॉइंटांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

गळतीरोधक साधनावर ‘टी’ अक्षर असलेले एक छोटे बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबावे आणि पुरवठा तुटतो का ते पाहावे, एवढीच अपेक्षा असते. पुरवठा तुटला तर साधन ठीक आहे असे समजते. सॉकेटमागची तिसरी तार जागेवर आहे की नाही, हे मात्र त्या बटनाला सांगता येत नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनलाच बोलवावे लागते, आणि त्याने अर्थिंगचा रोध मोजून आकडा लिहून द्यावा असा आग्रह घरातल्या माणसांनी धरावा लागतो.