ऑफिसला घालायची बिनतारेची ब्रा : दुकानात जाण्याआधी घरी टेप लावा

पिंपरी पेंढार : गावातून रोज आळेफाटा, ओतूर, नारायणगाव किंवा जुन्नरला नोकरीसाठी जायचं, तर सकाळी अंगावर चढवलेले कपडे संध्याकाळपर्यंत बदलता येत नाहीत. एसटीतली गर्दी, दुचाकीवरचे हादरे आणि वर दिवसभर खुर्चीत बसून काम. अशा वेळी ब्राची तार बरगडीला टोचत असेल तर लक्ष कामापेक्षा तिकडेच जातं. म्हणून बिनतारेची ब्रा घेण्याकडे अनेकींचा कल असतो. पाकिटावर तिला 'नॉन-वायर्ड', 'वायरफ्री' किंवा 'वायरलेस' असं लिहिलेलं असतं.

तार नाही म्हणजे आधार नाही, हा समज बरोबर नाही. ब्रा कोणतीही असो, बराचसा भार छातीखालून जाणारा पट्टा उचलतो, खांद्यावरच्या पट्ट्या नाहीत. खांद्यावर खोल वळ उठत असतील तर पट्टा सैल आहे आणि सगळं ओझं खांद्यांवर आलंय, असं समजावं. तारेमुळे कॅन्सर होतो ही भीतीही मनातून काढावी. अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रा घालणं, तिची तार किंवा रोजचे तास यांचा स्तनांच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. तार सोडायची ती टोचते म्हणून.

खरी अडचण मापाची. तालुक्यातल्या बऱ्याच दुकानांत काउंटरवर पुरुष असतो, शेजारी ओळखीचं कुणी उभं असतं आणि घालून बघायची सोय नसते. मग 'चौतीस द्या' म्हणायचं आणि पिशवीत टाकून निघायचं. वर्षानुवर्षं तेच चौतीस चालू राहतं. मधे बाळंतपण होतं, वजन वाढतं-उतरतं, तरी आकडा बदलत नाही.

शिलाईची टेप घरात असतेच. आरशासमोर सरळ उभं राहून दोन मापं घ्यावीत : एक छातीच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप घट्ट पण न रुतवता; दुसरं छातीच्या सर्वांत उभार भागावरून, टेप सैल ठेवून. दोन्ही इंचात आणि सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावीत. दोन मापांतला फरक जितका जास्त तितका कप पुढचा : ए, बी, सी, डी. पण इथे एक गोम आहे. काही कंपन्या खालच्या मापाचे इंच तसेच नंबर म्हणून धरतात, तर काही त्यात चार-पाच इंच मिळवतात. म्हणजे खालचं माप 30 इंच असलेल्या बाईला एका कंपनीची 30 बसेल, तर दुसरीची 34. त्यामुळे जुन्या ब्रावरचा नंबर सांगण्यापेक्षा पाकिटावरचा तक्ता मागावा आणि आपली मापं त्यात बघावीत. काउंटरवर बोलायचा संकोच असेल तर मापं लिहिलेली चिठ्ठी पुढे करावी. ऑनलाइन मागवताना परत करण्याची सोय आहे का, ते आधी वाचावं. अंतर्वस्त्रं सगळीकडे परत घेत नाहीत.

नवी ब्रा शेवटच्या, सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक ताणत जाईल तसं आतल्या हुकांवर यायचं. पहिल्याच दिवशी आतला हुक लावावा लागला तर ती लवकरच निकामी होते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. हात वर केल्यावर पट्टा वर सरकू नये, मागून तर नाहीच.

छाती जड असेल तर नुसती डोक्यातून घालायची होजिअरीची ब्रा पुरत नाही. रुंद पट्टा, मागे तीन हुक, रुंद खांदापट्ट्या आणि तुकडे जोडून शिवलेला कप असलेली बघावी. स्पोर्ट्स ब्रा दाबून धरते; दुचाकीवर बरी वाटते, दिवसभर गुदमरायला होतं. पातळ कुर्त्याखाली शिवण दिसू नये म्हणून साचेबंद गुळगुळीत कप आणि अंगाच्या रंगाचं कापड घ्यावं. पांढऱ्या कुर्त्यातून पांढरीच ब्रा जास्त दिसते. साडी नेसणाऱ्यांनी ब्लाउजचं माप देताना रोज घालणार तीच ब्रा घालून टेलरकडे जावं.

उन्हाळ्यात सुती, थोडं ताणणारं कापडच बरं. जाड फोमचे कप घाम धरून ठेवतात. आणि ब्रा साडीखाली किंवा टॉवेलखाली लपवून वाळत घालायची सवय सोडलेली चांगली. ओलसर राहिलेल्या कापडाने छातीखाली खाज आणि बुरशी येते. हाताने, साध्या पाण्यात धुवावी, पिळू नये, वारा लागेल अशी उघडी वाळवावी. गरम पाण्याने आणि कडक उन्हाने इलॅस्टिक जातं. तीन ब्रा आलटून-पालटून वापरल्या तर प्रत्येक नीट वाळते.

खाज आलीच तर मेडिकलमधून मिळेल ती मलम लावू नये. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं आणि बुरशी आणखी पसरते. स्तनात गाठ, कातडीला खळी किंवा स्तनाग्रातून रक्त दिसलं तर तो ब्राच्या मापाचा विषय नाही, लगेच डॉक्टरांना दाखवावं. अंगावर दूध पिणारं बाळ असेल तर घट्ट ब्रा मुळीच नको, दूध साचून गाठी होतात. त्या काळात समोरून उघडणारी, सैलसर ब्रा घ्यावी आणि दूध कमी झाल्यावर पुन्हा टेप लावून नवं माप घ्यावं.