खांदेरी : मुंबई बंदराच्या तोंडावरचा किल्ला आणि दिवा

अलिबागजवळच्या थळ किनाऱ्यावरून समुद्रात पाहिलं की दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्यापलीकडचं खांदेरी. खांदेरीवरचं दीपगृह 1867 मध्ये इंग्रजांनी बांधलं. पण या बेटाचं महत्त्व त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीच एका माणसाने ओळखलं होतं.

दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज खांदेरीच्या नजरेतूनच जातं. म्हणून 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे होतं. मुंबईचे इंग्रज हादरले. त्यांनी आरमार पाठवून रसद तोडायचा प्रयत्न केला. 18 ऑक्टोबर 1679 च्या लढाईत त्यांचं 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. कॅप्टन केग्विनचं 'रिव्हेंज' मात्र तोफांच्या जोरावर टिकलं. मोठी जहाजं इंग्रजांकडे होती, पण मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोचवत राहिल्या. तटबंदी उभी राहिलीच. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने मात्र शेजारचं उंदेरी बळकावलं, आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आलं. 1718 मध्ये इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला. बेट त्यांना मिळालं ते पेशवाई बुडाल्यावर, 1818 मध्ये.

मग ज्या बेटाची त्यांना धास्ती होती, तिथेच त्यांनी आपल्या जहाजांसाठी दिवा लावला. बंदराच्या उत्तरेकडच्या बाजूला, कुलाब्याच्या टोकाशी, 1875 मध्ये प्राँग्ज दीपगृह झालं. रात्री खलाशी हे दिवे ओळखतात ते लुकलुकण्यावरून: प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, ती मोजली की आपण कुठे आहोत ते कळतं. जीपीएस बंद पडलं तर आजही हाच हिशोब कामी येतो.

1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रेंचं नाव दिलं गेलं, तरी खांदेरी हे नाव काही सुटलेलं नाही. नौदलाची पाणबुडीही 'आयएनएस खांदेरी'च. बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, आणि दगड मारला की धातूसारखा वाजणारा एक खडकही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या 12 मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे.