चिखलाने राखलेले बंदर

त्रावणकोर दरबाराने 1762 साली आलप्पुळा बंदर उघडले, तेव्हा तिथे आडोशाला ना बेट होते, ना भूशिर. समोर उघडा अरबी समुद्र. कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवतात, त्या दिवसांतही आलप्पुळ्यासमोर जहाजे नांगर टाकून माल चढवू शकत. बंदराच्या भरभराटीचे श्रेय बहुधा दिवाण राजा केशवदासांना दिले जाते. त्यांनी कालवे काढले, कच्छ-गुजरातचे व्यापारी आणून वसवले, हे खरेच. पण कालवा माल किनाऱ्यापर्यंतच पोचवतो. तिथून जहाजाकडे निघालेली होडी लाटेत उलटू नये, ही तजवीज कोणत्याही दिवाणाच्या हातची नव्हती. ती समुद्रतळाने केली होती, आणि तीही बंदराच्या आधीपासून. या किनाऱ्यावर चिखलाच्या आश्रयाने जहाजे पावसाळ्यातही सुखरूप राहतात, असे अलेक्झांडर हॅमिल्टन या खलाशाने 1727 च्या आपल्या प्रवासग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

लाट वर दिसत असली, तरी तिची हालचाल तिच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. आठ-आठ सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे 100 मीटर लांब असते. म्हणजे 50 मीटरच्या आत आली की तिला तळ लागू लागतो. पाणी तळाशी मागेपुढे घासते आणि लाटेचा जोर झिजतो. वाळूवर ही झीज बेताची असते. आलप्पुळ्याचा तळ मात्र बारीक चिखलाचा. पावसाळी लाटाच तो घुसळून पातळ करतात. मग काकवीसारखा दाट झालेला तो थर लाटेच्या दाबाने स्वतःच हलू लागतो आणि त्याच्या आतल्या घर्षणात लाटेचा बहुतेक जोर जिरतो. दोन्ही अंगांना फेसाळ लाटा फुटत असताना मधला पट्टा मातकट आणि जवळजवळ सपाट राहतो. मलयाळी कोळ्यांचा ‘चाकरा’ हा मासेमारीचा हंगाम याच पाण्यात साधतो.

चिखलातले तेल पाण्यावर पसरून समुद्र शांत होतो, असे एकोणिसाव्या शतकात अनेकांनी मांडले. तेलाचा तवंग बारीक तरंग मोडतो. पण पावसाळ्यातली लांब, अवजड लाट त्याला दाद देत नाही. वेंबनाड कायल या सरोवरातून जमिनीखालून चिखल येतो, असाही एक तर्क होता. तो मान्य केला, तरी चिखल कुठून आला एवढेच त्याने कळेल. लाट कशी विरली, हा प्रश्न वेगळाच राहतो.

चिखल एवढा समर्थ होता, तर बंदर का मावळले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. चिखलाचा पट्टा एका जागी थांबत नाही, किनाऱ्याने सरकतो. शिवाय तो लाट अडवतो, पण जहाजाला धक्क्याला लागण्याइतकी खोली देत नाही. 1862 साली समुद्रात लांब धक्का बांधूनही मोठी जहाजे दूरच उभी राहत आणि माल होड्यांतूनच जाई. 1920 साली अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो कोचीला आले. तिथल्या बंदराच्या मुखाशी आडवा पडलेला वाळूचा बांध त्यांच्या देखरेखीखाली कापला गेला आणि 1928 पासून मोठी जहाजे थेट आत येऊ लागली. याच ब्रिस्टोंनी 1938 साली चिखलपट्ट्यांचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. आलप्पुळ्याने पावसाळ्यातला व्यापार कशाच्या बळावर केला आणि कोचीपुढे ते का मागे पडले, या दोन्हींची उत्तरे तळापाशी मिळतात. दरबारी दप्तरांवरच विसंबलेल्या इतिहासाला त्यातली निम्मीही सापडणार नाहीत.